भित्तिचित्रांची पूर्वरेखा : अजिंठा, मुंबई आणि कीर्तिमंदिर

भित्तिचित्रांच्या समीक्षेत पूर्वरेखाटनाच्या वाट्याला सहसा दोन टोकांची वागणूक येते. एक पक्ष त्याला केवळ साधन मानतो. भिंत रंगून झाली की रेखाटनाचे काम संपले, अशी त्याची समजूत असते. दुसऱ्या पक्षाला पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा त्याचा कच्चा खर्डाच अधिक मोकळा आणि जिवंत वाटतो. या दोन्ही पक्षांचे एक गृहीत मात्र समान आहे. रेखाटन आणि भिंत या दोन स्वतंत्र कृती असून त्यांचे मोल वेगवेगळे करता येते, असे दोघेही धरून चालतात. धार्मिक भित्तिचित्रांच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. अशा चित्रात चित्रकाराला मानवी देह काढावयाचा असतो आणि त्याच देहाकडून मानवाहून अधिक असे काही वदवून घ्यावयाचे असते. हा पालट चित्रनिर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर घडतो, असा प्रश्न विचारला म्हणजे पूर्वरेखाटनाचे खरे स्थान ध्यानात येते. हा पालट रेखेच्या पहिल्या टप्प्यावरच घडतो, आणि तेथे तो घडला नसेल तर पुढे रंग, अलंकार किंवा प्रभावळ यांच्या साह्याने तो घडविता येत नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

या प्रश्नाचा विचार बीड जिल्ह्यातील अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्याचा प्राचीन धार्मिक कलेचा ठेवा मुख्यतः पाषाणातला आहे. बीडचे कंकालेश्वर, धर्मापुरीचे केदारेश्वर आणि अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे ही त्याची ठळक उदाहरणे होत. पाषाणावर गेरूने आखणी करून मगच छिन्नी चालविण्याची परंपरा आपल्या शिल्पकारांत आहे. ही आखणी पहिल्याच घावांबरोबर नाहीशी होते, परंतु मूर्तीचा तोल तिनेच ठरविलेला असतो. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातील या संतकवीने पंचीकरणासारखा गहन विषय लांबरुंद कापडावर ओव्या आणि आकृत्या यांच्या साह्याने मांडला. पासोडी हे भित्तिचित्र नव्हे आणि तिच्यातील आकृत्या देहाकृतीही नव्हेत. तरीही मोठ्या पृष्ठभागावर आधी विचाराची मांडणी व्हावी लागते, ही गोष्ट ती स्पष्टपणे दाखविते. मराठीत ‘आकृती’ हा एकच शब्द शास्त्रीय मांडणीसाठीही वापरतात आणि मानवी देहासाठीही वापरतात. भित्तिचित्राच्या पूर्वरेखेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तेथे देह काढला जात असतो आणि त्याच वेळी अर्थाची मांडणीही होत असते.

रंगविलेल्या भिंतीचा पुरावा पाहावयाचा तर मात्र मराठवाड्याच्या उत्तर सीमेवरील अजिंठ्याकडेच वळावे लागते. बीड आणि अजिंठा हे दोन्ही प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९१४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने आणि गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा जो पद्धतशीर अभ्यास केला, तो आजही या विषयाचा पाया आहे. अजिंठ्याची लेणी ही त्या काळातील सार्वजनिक वास्तूच होत. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तेथील शिलालेखावरून समजते. म्हणजे ही चित्रे कोणा एकाच्या खाजगी दालनासाठी काढलेली नसून संघाच्या आणि उपासकांच्या दृष्टीसाठी काढलेली होती.

अजिंठ्याच्या भिंतीची घडण सर्वश्रुत आहे. खडबडीत पाषाणावर माती, वाळू, दगडाचा चुरा, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देण्यात येई. त्यावर पांढरा पातळ थर चढविला जाई आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधक द्रव्यात कालविलेले रंग लावले जात. ओल्या चुन्यावर रंगविण्याची इटालियन रीत येथे नव्हती. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगॅम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह येथे प्रतिकृती तयार केल्या. त्या वेळी त्यांनी चित्रणाचा क्रमही नोंदविला. प्रथम पांढऱ्या थरावर तांबड्या रंगाची ठाम रेखा. तिच्यावर हिरव्या मातीचा अर्धपारदर्शक हात, ज्यातून खालची तांबडी रेखा काही अंशी दिसत राहते. मग प्रत्येक वस्तूचा स्वतःचा रंग. त्यानंतर काळ्या आणि तपकिरी रंगाने बाह्यरेषेचे दृढीकरण. आणि शेवटी आवश्यक तेथे थोडी छाया, असा तो क्रम होता. शेवटच्या बाह्यरेषेमुळे आकृतीला निश्चितपणा येतो, परंतु तिला काहीसा सपाटपणाही येतो, असा सूक्ष्म अभिप्राय त्यांनी दिला आहे. जेथे रंग गळून गेले आहेत तेथे पुष्कळदा पहिली तांबडी रेखाच शिल्लक राहिली आहे. अजिंठ्याचे पूर्वरेखाटन पाहावयाचे ते अशा झिजलेल्या जागी.

या क्रमात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे, आणि पाश्चात्त्य भित्तिचित्रांशी तुलना केली म्हणजे ती उघड होते. इटलीतील पिसा येथील काम्पोसांतो या दफनभूमीच्या वास्तूला जुलै १९४४ मध्ये युद्धात आग लागली आणि तेथील चित्रांची फार हानी झाली. उरलेली चित्रे भिंतीवरून सोडवून घेताना त्यांच्याखाली तांबड्या मातीने केलेली मूळ रेखाटने आढळली. काळ्या समुद्रावरील सिनोपे या ठिकाणच्या मातीवरून त्यांना ‘सिनोपिया’ असे म्हणतात. पुढे १९७९ साली पिसा येथे त्यांचे स्वतंत्र संग्रहालय झाले. अजिंठ्याप्रमाणे तेथेही रेखा तांबडीच आहे, परंतु दोहोंचे भवितव्य वेगळे आहे. इटालियन चित्रकार आपल्या रेखाटनावर रोजच्या कामापुरता ओला गिलावा चढवी, त्याखाली त्या भागातील रेखाटन झाकले जाई आणि चित्रकाराला आकृती नव्याने काढावी लागे. अजिंठ्यात पहिल्या रेखेवर गिलाव्याचा थर येत नाही. तिच्यावर येतो तो पारदर्शक रंग. त्यामुळे ती शेवटपर्यंत चित्रकाराच्या डोळ्यांसमोर राहते आणि पुढील प्रत्येक हाताला आधार देते. तेथे पूर्वरेखाटन आणि चित्र हे दोन टप्पे असले, तरी ती एकच कृती आहे.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे अजिंठ्यातील दैवी आकृतींचा उलगडा होऊ लागतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सभोवतालच्या परिवारापेक्षा मोठा आहे. त्याचा देह त्रिभंगात झुकलेला आहे आणि दृष्टी खाली वळलेली आहे. मुकुट, मोत्यांचा सर, हातातील कमळ या सर्व गोष्टी नंतर भरता येण्यासारख्या आहेत. आकार, झुकाव आणि दृष्टीची दिशा या तीन गोष्टी मात्र नंतर आणता येत नाहीत. पहिल्या रेखेतच त्यांचा निर्णय व्हावा लागतो. सतराव्या लेण्यातील बुद्ध आणि त्याच्यासमोर उभे असलेले माता व बालक यांचे चित्र याहून अधिक बोलके आहे. तेथे बुद्धाची आकृती प्रचंड आणि मातापुत्राच्या आकृती लहान आहेत. असे प्रमाण कोणत्याही प्रत्यक्ष दृश्यात सापडणार नाही. परंतु मान वर करून पाहणाऱ्या त्या दोघांच्या नजरेमुळे हे विषम प्रमाण पाहणाऱ्याला सत्य वाटते. करुणेचा आशय येथे चेहऱ्यावरील भावापेक्षा आकृतींमधील अंतरातून आणि प्रमाणातून व्यक्त झाला आहे, आणि ते प्रमाण आखणीच्या वेळीच निश्चित झालेले आहे.

या संदर्भात विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९२४ साली स्टेला क्रामरिश यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यानंतर ते आधुनिक अभ्यासकांच्या हाती आले. त्यात हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक हे पुरुषांचे पाच प्रकार अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळे उंचीचे सांगितले आहेत. देहाची नऊ स्थाने दिली आहेत, आणि देह वळला असता अवयव कसे आखूड वा दीर्घ दिसतात याचा विचार ‘क्षयवृद्धी’ या संज्ञेखाली केला आहे. हे नियम म्हणजे चित्रकाराच्या हातातील बेडी होय, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. वस्तुतः या नियमांचे कार्य निराळे आहे. चित्रकाराने भिंतीसमोर उभे राहण्यापूर्वीच देह हा केवळ पाहिलेला न राहता मोजलेला आणि अर्थपूर्ण झालेला असावा, अशी व्यवस्था ते करतात. एकाच ग्रंथात प्रमाण आणि क्षयवृद्धी ही दोन्ही सांगितली आहेत, यावरून प्रत्यक्ष निरीक्षणाचा तेथे निषेध नव्हता हेही उघड होते.

आधुनिक काळात हा क्रम उलटा झाला. त्याचा आरंभ अजिंठ्याच्या प्रतिकृतींपासूनच दाखविता येतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून नवीन प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाल्या. त्याच संग्रहालयात १८६५ पासून राफाएलची सुप्रसिद्ध पूर्वचित्रे ठेवलेली होती. व्हॅटिकनमधील सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या विणीव पडद्यांसाठी ती काढण्यात आली होती. राफाएलचे कागद भिंतीकडे जाणाऱ्या वाटेवरचे होते, तर मुंबईच्या विद्यार्थ्यांची कापडे भिंतीकडून परत येणाऱ्या वाटेवरची होती. विद्यार्थ्यांना अजिंठ्याची आकृती मिळाली ती पूर्ण झालेल्या स्वरूपात, म्हणजे शेवटच्या काळ्या बाह्यरेषेसह. ती आकृती ज्या आखणीतून निघाली, ती आखणी अभ्यासाचा विषय झाली नाही. त्यामुळे पुढच्या पिढीला अजिंठ्याची मुद्रा, केशरचना आणि अलंकार सहज उचलता आले, पण तिच्या प्रमाणाचे तर्कशास्त्र हाती आले नाही.

मुंबईच्या कलाशाळेत १९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन आले. त्यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला आणि गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या पाठिंब्याने भित्तिचित्रणाचा वर्गही उभा केला. मुंबईचे गव्हर्न्मेंट हाउस, १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनातील हिंदी दालन आणि नवी दिल्लीच्या सचिवालयातील समितिकक्ष या सार्वजनिक वास्तूंसाठी या वर्गाने काम केले. सॉलोमन यांची भूमिका स्पष्ट होती. देहाचे यथार्थ ज्ञान हा पाया, आणि त्यावर भारतीय अलंकरणाची वास्तू. बंगालच्या संप्रदायाने या भूमिकेवर टीका केली; परंतु तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. सरकारी भिंती हिंदी चित्रकारांच्या हाती देण्याचा आग्रह सॉलोमन यांनी धरला आणि विद्यार्थ्यांना मोठ्या आकाराची आकृती धीटपणे काढण्यास शिकविले.

तथापि या पद्धतीत पूर्वरेखाटनाचा अर्थच पालटला. येथे पहिली रेखा भिंतीवर उमटत नाही. ती चित्रशाळेतील कागदावर, चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या मॉडेलसमोर उमटते. त्या कागदाचे प्रयोजन देह अचूक पकडणे हे असते. देवता, कला किंवा ऋतू यांचे प्रतिनिधित्व त्या देहाकडे नंतर सोपविले जाते. याचा परिणाम असा होतो की, आकृतीचा हात वरदमुद्रेत उचललेला असला तरी ज्या पायावर तिचे वजन पेललेले आहे तो पाय चौथऱ्यावरचाच राहतो. शरीर निर्दोष असते, वेश प्राचीन असतो, मात्र दोहोंमधील सांधा डोळ्यांना जाणवत राहतो. दोष मॉडेलवरून केलेल्या अभ्यासाचा नाही. अभ्यासाचा कागद आणि मांडणीचा कागद यांत जो फरक करावयास हवा होता तो पुरेसा केला गेला नाही, हा खरा दोष आहे. या वर्गाचे विषय देवतांपेक्षा रूपकांकडे अधिक झुकले, त्यालाही हीच मर्यादा कारण झाली असावी. रूपकात्मक स्त्रीला सुंदर देह पुरतो. देवतेला तो पुरत नाही.

याच काळात दुसरी वाट नंदलाल बोस यांनी शोधली. लेडी हेरिंगॅम यांच्यासमवेत अजिंठ्यात काम करणाऱ्या तरुण चित्रकारांत ते होते. महाराष्ट्राला त्यांचा परिचय १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या सजावटीमुळेही आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या कीर्तिमंदिरातील चार भिंती नंदलालांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविल्या. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि अभिमन्यूचे युद्ध हे त्यांचे विषय होत. मराठी राजघराण्याच्या स्मारकात बंगाली चित्रकाराने सर्व भारतातील भक्ती, त्याग आणि शौर्य यांची चित्रे काढावीत, ही घटना सांस्कृतिक दृष्टीने लक्षणीय आहे. येथे तिचा विचार केवळ पूर्वरेखाटनापुरता करावयाचा आहे.

या चारांपैकी नटीर पूजेची भिंत त्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बौद्ध कथेवरून रवींद्रनाथांनी १९२६ साली हे नाटक लिहिले. राजाज्ञेने स्तूपाची पूजा निषिद्ध झाली असता श्रीमती नावाची नर्तकी स्तूपासमोर नृत्य करते, एकेक अलंकार उतरवीत आपले भिक्षुणीचे वस्त्र प्रकट करते आणि प्राणास मुकते. नाटकाच्या प्रयोगांत श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी यांनी केली होती. पुढे १९४२ साली शांतिनिकेतनच्या चीना भवनाच्या भिंतीवर नंदलालांनी हा विषय रंगविला आणि १९४३ साली तो बडोद्याला आणला. म्हणजे या आकृतीचे पूर्वरेखाटन एका कागदापुरते मर्यादित नाही. रंगभूमीवर पाहिलेला देह, स्मरणात राहिलेली गती आणि एक संपूर्ण रंगविलेली भिंत, एवढा तिचा पूर्वेतिहास आहे. मॉडेल समोर बसवून काढण्यापेक्षा पाहावे आणि मग स्मरणातून काढावे, या नंदलालांच्या शिकवणीचा अर्थ येथे उमगतो. नर्तकीचा देह येथे प्रत्यक्ष पाहिलेलाच आहे. त्या अर्थाने निरीक्षण मुंबईच्या वर्गाइतकेच खरे आहे. परंतु तो देह उभा राहण्यासाठी दिलेला नव्हता. नृत्याच्या द्वारा तो आधीच पूजेच्या अर्थाने भारलेला होता. चित्राला नृत्याचे ज्ञान आवश्यक मानणारे चित्रसूत्र आणि हे उदाहरण यांतील नाते सहज दिसण्यासारखे आहे.

कीर्तिमंदिराच्या सर्व भिंती सारख्याच उतरल्या आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. अभिमन्यूच्या भिंतीवर आकृतींची दाटी आणि गतीचे आवर्त इतके प्रबळ आहेत की, एकेका वीराचा देह मांडणीत विरून जातो. तेथे आखणी जिंकते आणि आकृती काहीशी हरते. मुंबईच्या वर्गाचा दोष याच्या नेमका उलट होता. तेथे आकृती जिंके आणि भिंत हरे. दोन्ही उणिवांचे मूळ एकच आहे. देह आणि मांडणी यांचा निर्णय एकाच रेखेने व्हावा, ही अजिंठ्याची अट दोन्हीकडे कमीअधिक प्रमाणात सुटली आहे. नंदलालांच्या रेखाटनांचा मोठा संग्रह आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यांतील एखादा खर्डा मोकळा आणि टवटवीत वाटला तर ते साहजिकच होय. परंतु त्याची परीक्षा कागदावरच्या टवटवीतपणावरून करावयाची नसते. भिंतीवर गेल्यावर त्यातील कोणता निर्णय टिकला आणि कोणता बदलावा लागला, हे पाहूनच ती करावी लागते.

या विवेचनाचा संबंध केवळ गतकालाशी नाही. बीड जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रात सर्वत्र देवळांच्या आणि सभामंडपांच्या भिंतींवर आजही देवादिकांची व संतांची चित्रे रंगविली जातात. छापील चित्रावर चौकोन आखावयाचे, भिंतीवर तेच चौकोन मोठे करून आखावयाचे आणि चौकोनागणिक आकृती उतरवावयाची, ही पेंटरांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. या छापील चित्रांची परंपरा राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेल्या छापखान्यापर्यंत पोहोचते. म्हणजे मॉडेलवरून काढलेला देह तैलचित्रातून शिळाछापावर, शिळाछापावरून दिनदर्शिकेवर आणि तेथून भिंतीवर, असा प्रवास करून येतो. यात पूर्वरेखेची जागा चौकोनांच्या जाळीने घेतलेली असते. जाळी आकार वाढविते, पण प्रमाणाचा निर्णय करू शकत नाही. मांडीएवढ्या कागदासाठी योजलेली आकृती दहा हात उंचीच्या भिंतीवर जाते तेव्हा तिची नजर भाविकाच्या डोक्यावरून निघून जाते. क्वचित एखादा जाणता पेंटर भिंतीसमोर मागे सरकून पाहतो आणि खडूने मान किंचित खाली वळवून घेतो. त्या एका दुरुस्तीत अजिंठ्याच्या तांबड्या रेखेचेच तत्त्व असते.

यावरून पूर्वरेखाटनाच्या अभ्यासाची दिशा ठरविता येईल. अभ्यासकाने प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारावेत. पहिली रेखा कोठे उमटली : भिंतीवर की अन्यत्र? तिने प्रथम काय निश्चित केले : देहाचे साम्य की आकृतींमधील प्रमाण आणि दृष्टी? आणि पुढच्या टप्प्यांत ती रेखा चित्रकाराच्या डोळ्यांसमोर किती काळ राहिली? अजिंठ्यात या प्रश्नांची उत्तरे शोधताना पूर्वीच्या वार्निशाच्या आणि १९२० ते १९२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी दिलेल्या लाखेच्या पुटांमुळे रंगांना आलेला पिवळेपणा ध्यानात ठेवावा लागतो. रंग झाकोळले असले तरी रेखा वाचता येते, हे त्यातल्या त्यात समाधान. गावोगावच्या भिंतींच्या बाबतीत तेवढीही शाश्वती नाही. तेथील खडूची आखणी पहिल्या हातासरशी झाकली जाते आणि चौकोन आखलेला कागद काम संपताच फेकला जातो. काम चालू असतानाच आखणीची छायाचित्रे घेणे, मूळ छापील चित्राशी मापे ताडून पाहणे आणि पेंटरने केलेले बदल नोंदवून ठेवणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. धार्मिक आकृती आज कशी घडते याचा हाच साक्षात पुरावा होय, आणि भिंत रंगून झाल्यावर तो पुन्हा मिळत नाही.